गोव्यात सप घेऊन लाटेवर जाताय? सर्फरशी भांडण न होता लाटा कशा घ्यायच्या

मोसम सुरू झाला की आश्वे, मांद्रे, हरमलच्या पाण्यात एक वाद हमखास होतो. एका बाजूला पोटावर झोपून हाताने पाणी मारत लाट पकडणारे सर्फर, दुसऱ्या बाजूला सपवर, म्हणजे स्टँड-अप पॅडलबोर्डवर, पॅडल (लांब वल्हं) घेऊन उभे असलेले सपवाले, आणि दोघांना हवी असते तीच एक लाट. सर्फर म्हणतात हे बाहेर उभे राहून सगळ्या लाटा खातात, सपवाले म्हणतात समुद्र काय कुणाच्या नावावर आहे का, आणि मग कुणाची तरी सकाळ खराब होते, कधीकधी कुणाचं डोकंही फुटतं. पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-बेळगावहून येणारी बरीच मंडळी आता नदीत किंवा धरणात सप शिकून येतात आणि गोव्यात पहिल्यांदा लाटेवर नेऊन बघतात, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहितोय. सर्फरांनीही वाचावं, कारण खाली त्यांनाही सांगायचंय.

माझं मत आधीच सांगतो. सप लाटेवर न्यायला काहीच हरकत नाही, तो खेळ तिथलाच आहे. हवाईच्या वायकिकी बीचवर सर्फ शिकवणारे बीचबॉइज गेल्या शतकाच्या मध्याला बोर्डवर उभे राहून पॅडल मारत पर्यटकांवर लक्ष ठेवायचे, त्यांचे फोटो काढायचे, आणि पुढे २००० च्या आसपास लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा यांच्यासारख्या मोठ्या लाटांवरच्या सर्फरांनी ते परत चालू केलं म्हणून आज आपल्यापर्यंत आलं. म्हणजे सप सर्फरांच्याच घरातला आहे. पण ज्याच्या हातात पॅडल आहे त्याला लाट सोपी जाते, म्हणून लाट सोडायची जबाबदारीही त्याचीच जास्त. हे एवढं पटलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

राग नेमका कशाचा असतो

हे नीट समजून घ्या, नाहीतर नियम पाठ करून उपयोग नाही.

लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली की लाट फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट साधारण सव्वा ते दीड मीटर पाण्यात फुटणार. साध्या बोर्डवरच्या सर्फरला ती जवळजवळ फुटायच्या बेतात असताना, चांगली उभी चढलेली असतानाच पकडता येते, कारण त्याचा बोर्ड सहा-सात फुटांचा, तरंग कमी आणि जोर फक्त हाताचा. त्यामुळे तो त्या एका जागेवर, ज्याला पीक म्हणतात, तिथेच बसून वाट बघतो. सपवाला दहा फुटांच्या, तीस-बत्तीस इंच रुंद बोर्डवर उभा असतो, त्याच्या हातात पॅडल असतं, आणि लाट अजून नुसता फुगवटा असतानाच, पीकच्या वीस-तीस मीटर बाहेरच तो तिच्यावर चढतो. लाट सर्फरपर्यंत येते तेव्हा तिच्यावर आधीच कुणीतरी उभा. वर त्याचे डोळे पाण्यापासून पाच-साडेपाच फूट वर, त्याला सेट, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांचा गट, लांबूनच दिसतो, आणि खाली पोटावर झोपलेल्या पोराला पुढच्या लाटेपलीकडचं काही दिसत नाही. कदंबाच्या बसमध्ये लोक रांगेत उभे असताना कुणी बाहेरून खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली तर जसं वाटतं, अगदी तसंच वाटतं त्यांना. आणि लाट चालवून झाली की सपवाला दोन मिनिटांत परत बाहेर हजर, हाताने पाणी मारणारा अजून अर्ध्या वाटेवर.

दुसरी गोष्ट भीतीची आहे आणि ती रागापेक्षा मोठी आहे. सप बोर्ड नऊ-दहा किलोचा, भाड्याचे जुने बोर्ड त्याहून जड. बोर्ड दहा फूट आणि लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी, दहा फूट, म्हणजे तुम्ही पडलात की तुमच्याभोवती वीस फुटांच्या आत जो कोणी असेल त्याला तो बोर्ड लागू शकतो, लीश ताणली तर त्याहून पुढे. छोट्या बोर्डवाला लाट आली की बोर्ड दाबून लाटेखालून निघून जातो, सप इतका तरंगतो की तो दाबताच येत नाही, म्हणून नवखा माणूस घाबरून सरळ सोडून देतो. मागे कोण आहे ते बघतही नाही. सर्फर ओरडतो तेव्हा दहापैकी बऱ्याच वेळा तो लाटेसाठी नाही तर स्वतःच्या दातांसाठी ओरडत असतो, हे लक्षात ठेवा.

आधी सपाट पाणी, मग लाट

नदीत तासभर उभं राहता आलं म्हणजे लाटेवर जायला तयार, असं नाही. मांद्र्याची खाडी, शापोरा नदीचा शिवोली-मोरजीकडचा शांत भाग, दक्षिणेला साळ नदी, इथे आधी हे करून बघा: पाय मागे नेऊन, बोर्डचं नाक उचलून दोन-तीन फटक्यांत बोर्ड पूर्ण उलटा फिरवता येतो का, डावीकडूनही आणि उजवीकडूनही. पडल्यावर पॅडल न सोडता काही सेकंदांत परत चढता येतं का. बाजूने मोटरबोटीची लाट आली तर गुडघ्यावर न बसता तोल राहतो का. पडताना पाण्यावर आडवं, सपाट पडायची सवय आहे का, कारण किनाऱ्याजवळ खाली वाळू कमरेएवढ्या पाण्यात असते आणि पाय किंवा डोकं आधी गेलं तर मोडतोड होते. यातलं काही जमत नसेल तर तिथेच अजून सराव करा, त्यात काही कमीपणा नाही. नदीत लाइफ जॅकेट घाला, वाहत्या पाण्यात घोट्याची लीश खांबाला, जाळ्याला, खारफुटीच्या मुळांना अडकू शकते म्हणून कमरेची, झटकन सुटणारी लीश घ्या.

लाटेवर मात्र लीश घोट्याची किंवा पोटरीची, आणि सरळ. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली लीश शांत पाण्यासाठी ठीक, लाटेत ती बोर्ड उलटा तुमच्याच तोंडावर आणते. लांबी बोर्डएवढी. जाताना दर वेळी दोन गोष्टी बघा, वेल्क्रो धरतोय का आणि बोर्डला लीश बांधलेली दोरी झिजलीय का. तुटलेल्या लीशचा सप म्हणजे किनाऱ्याजवळच्या पोरांवर सुटलेलं ओंडकं, त्याला कोणी थांबवू शकत नाही.

बोर्ड कोणता? बारा फुटांचा टोकदार टूरिंग सप, म्हणजे सपाट पाण्यावर लांब जायचा बोर्ड, लाटेवर आणूच नका, नाक पाण्यात घुसतं आणि वळतही नाही. हवा भरायचा बोर्ड छोट्या लाटेवर चालतो, पण हवा पूर्ण भरा, बहुतेकांना १५ पीएसआयच्या आसपास लागते, अर्धवट भरलेला बोर्ड मधे वाकतो आणि मग तुमचा ताबाच राहत नाही. नऊ-दहा फुटांचा, मागे गोल किंवा निमुळता, फिन (बोर्डखालचा पर) नीट घट्ट असलेला बोर्ड सुरुवातीला बरा.

वेळ आणि जागा, अर्धं भांडण इथेच मिटतं

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, गोव्याचा समुद्र सपसाठी नाही, विषय संपला. लाल बावटा असेल तर पाण्यात जायचं नाही आणि किनाऱ्यावरच्या, दृष्टी या कंपनीच्या जीवरक्षकांशी हुज्जत घालायची नाही. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधला पट्टा पोहणाऱ्यांचा आहे, तिथे सपही नको आणि सर्फबोर्डही नको.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाऊस ओसरल्यावर लाटा छान असतात, मग डिसेंबर ते फेब्रुवारी छोट्या, गुडघा ते कंबर. एप्रिल-मेमध्ये लांब दक्षिणेकडच्या महासागरातून आलेले सेट लागतात आणि हा काळ फसवा असतो, कारण दहा-पंधरा मिनिटं पाणी अगदी गप्प आणि मग एकामागून एक चार-पाच मोठ्या लाटा. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे उंच लाटांचे इशारे येतात, ते जायच्या आदल्या दिवशी बघा, फुकट आहेत.

सपवाल्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारीचे दिवस आपले समजावेत. त्या मऊ, छोट्या लाटा छोट्या बोर्डवाल्याला ढकलतही नाहीत आणि सपवर मात्र मस्त चालतात, म्हणजे तुम्ही कुणाच्या तोंडचा घास काढत नाही. उलट ज्या दिवशी लाट चांगली उभी, छातीएवढी आहे आणि गावातली चांगली सर्फ करणारी पोरं सगळी पाण्यात आहेत, त्या दिवशी मुख्य पीकवर सप नेऊ नका, लांबचं पीक शोधा. मी हे सुचवत नाहीये, आग्रहाने सांगतोय.

आणि पीक शोधणं गोव्यात अवघड नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वाळूच्या तळावर लाट फुटते, दर पावसाळ्यात तळाची वाळू हलते आणि नवीन जागा तयार होतात, गेल्या वर्षी जिथे लाट फुटत होती तिथे या वर्षी काहीच नसेल. आश्वे ते मांद्रे किनारा लांबलचक आहे. लोक मात्र सर्फ स्कूलच्या समोरच गर्दी करतात कारण बोर्ड तिथे मिळतो आणि जड बोर्ड उचलून चालायचा कंटाळा येतो. खांद्याला अडकवायचा पट्टा घ्या, तीन-चारशे मीटर चाला. कुणी नसलेली, थोडी कमी चांगली लाट सपवर जेवढी मजा देते तेवढी गर्दीतली चांगली लाट देत नाही, हे अनुभवाने सांगतो. फक्त आश्व्याला खडक कुठे आहेत ते ओहोटीला बघून ठेवा, भरतीला ते पाण्याखाली जातात. हरमलच्या उत्तर टोकालाही खडक. आगोंदला पाण्याची ओढ जास्त, तिथे नवख्याने प्रयोग नको.

वाऱ्याचं गणित वेगळं. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याने लाट साफ उभी राहते म्हणून सर्फरना तो आवडतो, पण सपवर उभ्या माणसाच्या अंगाला तोच वारा लागून तो हळूहळू बाहेर जातो आणि कळतही नाही. किनाऱ्यावरची एक खूण पकडा, एखादं माड, एखादा शॅक, आणि दर काही मिनिटांनी बघा. लांब गेलात असं वाटलं तर उभं राहून झगडू नका, गुडघ्यावर बसा, तरी जमत नसेल तर पोटावर झोपून हाताने या. दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी खडबडीत होतं, तेव्हा सर्फर बाहेर पडतात, सपवरही मग फार काही हाती लागत नाही.

पाण्यात शिरण्याआधी वीस मिनिटं वाळूवर उभे राहा. खरंच वीस. सेट किती वेळाने येतो, लाट कुठे फुटते, लोक कुठून बाहेर जातात, स्कूलचे विद्यार्थी कुठवर आहेत, तुम्हाला सगळं दिसेल. गर्दीतला एखादा जण वर आला तर विचारा, "दादा, कसं आहे आज? सप घेऊन बाजूला गेलो तर चालेल ना?" या एका प्रश्नाने अर्धा राग आधीच उतरतो.

रापण चालू असेल तर सगळेच बाहेर

लाट सर्फरची की सपवाल्याची हे ठरवण्याआधी हे वाचा. सकाळी कित्येक किनाऱ्यांवर रापण टाकलेली असते, होडीने जाळं अर्धगोलात सोडलेलं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर माणसं ओढत असतात. पाण्यावर जाळ्याची बोंडं तरंगताना दिसली, किंवा किनाऱ्यावर दोर ओढणारी रांग दिसली, तर त्या दोन दोरांच्या मधे शिरायचं नाही, मग लाट कितीही चांगली असो. फिन आणि लीश जाळ्यात अडकते, तुमच्या जिवाला धोका आणि त्यांचं जाळं फाटलं तर त्यांचा दिवसाचा धंदा गेला. रापणकार पिढ्यानपिढ्या तिथे आहेत, आपण सगळे नंतर आलो. थांबा, जमलं तर दोर ओढायला हात लावा, त्यांना "बाब" म्हणून विचारा किती वेळ लागेल, ते सांगतात. मी पाहिलंय, ज्या सपवाल्याने दोर ओढला त्याला पुढच्या वेळी होडीवाला स्वतः सांगतो की आज पलीकडे जा, तिथे जाळं नाही.

बाहेर जाताना

सर्फर बसलेत त्यांच्यामधून, किंवा लाट चालवणाऱ्याच्या समोरून, बाहेर जायचं नाही. लांबून वळसा घ्या, जिथे लाट फुटत नाही त्या बाजूने. मधेच कुणी लाटेवर तुमच्याकडे येत असेल तर बहुतेकांचा पाय पळून जायला लाटेच्या स्वच्छ भागाकडे वळतो, तेच चुकीचं, कारण तो तिकडेच येणार आहे. त्याच्या मागे, फेसाकडे जा. फेस अंगावर घ्यावा लागेल, घ्या. तेच तुमचं काम आहे, त्याची लाट खराब करणं नाही.

मोठा फेस येतोय आणि उभं राहून पार होणार नाही असं दिसलं तर आधी मागे बघा. मागे कोणी नसेल तर बोर्डच्या बाजूला उतरा, बोर्ड तुमच्या आणि लाटेच्या मधे कधीच येऊ देऊ नका, आणि लीश बोर्डला जिथे बांधलीय तिथे जवळ धरा, म्हणजे बोर्ड लांब उडत नाही. मागे कोणी असेल तर बोर्ड सोडायचाच नाही, मागचं टोक मिठीत धरून फेस खा, आणि जोरात ओरडा, "बोर्ड!" एवढं ओरडलं तरी मागचा खाली जातो.

लाटेवर कुणाचा हक्क

मूळ नियम दोघांना सारखाच. लाट जिथे फुटायला लागते त्याच्या सगळ्यात जवळ जो आहे, लाट त्याची. तो उठला की बाकीच्यांनी थांबायचं. आपल्या वाळूच्या किनाऱ्यावर बऱ्याचदा लाट मधे फुटून दोन्हीकडे सरकते, तेव्हा एक डावीकडे, एक उजवीकडे जाऊ शकतो, फक्त आधी ओरडून सांगा, "मी लेफ्ट!", "मी राइट!" गप्प राहून अंदाज लावत बसलात तर धडक ठरलेली.

आता सपवाल्याची खास गोची. बाहेर उभा राहून लाट आधी पकडली म्हणजे आपण "आधी" आलो, म्हणून हक्क आपला, असं त्याला वाटतं. तसं नाहीये. पीकवर बसलेला माणूस जागेवर थांबलेला आहे, तुम्ही बाहेरून चालत आलात. शिवाय पॅडलमुळे तुम्ही कुणालाही वळसा घालून त्याच्या आतल्या बाजूला जाऊ शकता, आणि हे सगळ्यात चीड आणणारं काम. वळसा घालून आत जायचं नाही. पीकपासून बाजूला, लाटेच्या उतरत्या खांद्याकडे राहा, आणि ज्या लाटा पीकवाल्यांनी सोडल्या, चुकवल्या त्या घ्या. त्या पुष्कळ असतात.

माझा हिशेब साधा आहे: एक घेतली की दोन सोडायच्या. पीक रिकामं असेल तर खुशाल सगळ्या घ्या, पण दोन-चार माणसं बसलेली असतील तर एक तुमची, दोन त्यांच्या. आणि लाट चालवून परत आलात की लगेच वळून पुढची धरू नका, तुमच्या पुढे जे वाट बघत होते त्यांना जाऊ द्या.

वाट बघताना उभं राहायची गरज नाही. बसा किंवा गुडघे टेका. पाण्यात बसलेल्या माणसाच्या मागे कुणी पॅडल घेऊन उभा राहिला की दडपण येतं, तुम्ही काही न करताही. बसलात की तुम्ही त्यांच्यातलेच एक होता, आणि बोलणंही सुरू होतं.

पण एक गोष्ट उभं राहूनच करता येते, आणि ती फार कमी सपवाले करतात. तुम्हाला सेट आधी दिसतो ना? मग सांगा. "आउटसाइड! मोठी येतेय!" असं ओरडलं की खाली बसलेले सगळे जागेवर यायला लागतात. "पहिली सोडा, दुसरी चांगली आहे" असं सांगा. स्कूलमधून नुकत्याच सुटलेल्या एखाद्या मुलीला लाट कळत नसते, तिला सांगा, "ही तुझी, मार, मार, अजून दोन हात!" ज्या उंचीमुळे लोक तुमच्यावर चिडतात तीच उंची सगळ्यांच्या कामाला येते. हे करणारा सपवाला आश्व्याला आला की लोक स्वतः सरकून जागा देतात, आणि त्याला लाटाही कमी मिळत नाहीत, कारण लोकच म्हणतात, "ही तू घे." मला विचाराल तर या सगळ्या लिखाणात हीच गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगाची आहे.

लाटेवर असताना पॅडल खाली, पाण्याजवळ ठेवा, डोक्यावर फिरवू नका. आणि लाटेवरून पार किनाऱ्यापर्यंत येऊ नका. पुढे फेसात स्कूलची मुलं असतात, पहिल्यांदा बोर्डवर उभी राहणारी, कुठे बघायचं हेही न कळणारी, तिथे दहा फुटांचा सप वेगात घुसला तर कुणाच्याच हातात काही राहत नाही. त्यांच्या पन्नास मीटर आधीच लाटेवरून मागे उतरा. ही जागा कोणताच सर्फर तुमच्यावर लादत नाही, ती तुम्हीच ठरवायची.

आता सर्फरांना

तुमचं दुःख खरं आहे, पण काही गोष्टी थांबवा. सपवाल्याच्या लाटेत मुद्दाम घुसणं, "त्याला काय दुसरी मिळेल" म्हणून, हे सगळ्यात धोक्याचं. जड बोर्ड तुमच्यासारखा झटकन वळत नाही, तो तुमच्यावरच येणार. पाणी उडवणं, रस्ता अडवणं, लीश ओढणं, हे पण नको. नवीन माणसाला नियम माहीतच नसतात, त्याने कुठे शिकले असणार, पवनेत की पानशेतला? तिथे लाट नसते. पहिल्यांदा नीट सांगा. "भाऊ, तिकडून वळसा घालून जा ना, इथून लोक येतात", एवढं पुरतं. दुसऱ्यांदा तेच केलं तर कडक सांगा, हक्क आहे तुमचा.

आणि सप म्हणजे जमत नाही म्हणून केलेला सर्फ, हा समज सोडा. शेजारच्या कर्नाटकातल्या मुळकीहून तन्वी जगदीशसारखी सप रेसर तयार झालीय, सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या स्पर्धांत सपच्या शर्यती असतात. गुडघा दुखणारे, पन्नाशी ओलांडलेले, झोपून पाठ धरणारे लोक सपमुळे लाटेवर राहतात. उद्या तुम्हालाही तो लागेल.

गावातल्या पोरांबद्दल वेगळं सांगतो. पेडण्याकडची जी मुलं वर्षभर त्या पाण्यात आहेत, पावसाळ्यानंतर वाळू कुठे बसली हे ज्यांना पहिल्यांदा कळतं, बुडणाऱ्याला ओढून आणायला जी सगळ्यात आधी उडी मारतात, त्यांना थोडा जास्त मान मिळाला तर ते योग्यच आहे. पाहुण्याने पहिल्या दिवशी पहिल्या सेटची पहिली लाट घेऊ नये, सप असो की सर्फ.

धडक झालीच तर

आधी माणूस, मग बोर्ड, मग चूक कुणाची. डोक्याला लागलं असेल, चक्कर, उलटी, विसरल्यासारखं होत असेल तर त्याला एकट्याला पोहत जाऊ देऊ नका, बोर्डवर आडवा घेऊन किनाऱ्यावर आणा आणि जीवरक्षकांना हात वर करून बोलवा, गरज पडली तर १०८ ला फोन. फिनची जखम छोटी दिसली तरी खोल असते, स्वच्छ कापड दाबून धरा आणि टाके लागतील का ते डॉक्टरला ठरवू द्या.

वाद पाण्यात घालायचा नाही. तिथे पुढची लाट येतच असते आणि दोघंही तिच्याकडे पाठ करून भांडतात. किनाऱ्यावर या, सावलीत बसा, श्वास जागेवर येऊ द्या. चूक तुमची असेल तर सरळ म्हणा, "माझं चुकलं, मी बघितलं नाही. बोर्डच्या दुरुस्तीचे पैसे मी देतो." आणि द्या, त्याच दिवशी, कारण बोर्डला भोक पडलं आणि आत पाणी गेलं की दुरुस्ती वाढत जाते. त्याची चूक असेल तर "तू असं केलंस" पासून सुरू करू नका, "मला तू दिसत नव्हतास, तुला मी दिसलो होतो का?" असं विचारा, बऱ्याचदा कळतं की दोघांनाही काही दिसलं नव्हतं.

नियम वरून यायच्या आधी

बाहेर हे भांडण खूप लांब गेलंय. कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रेला सपवाल्यांना एका टोकाचा पट्टा ठरवून दिलाय. अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २००८ साली ठरवलं की पोहण्या-सर्फच्या पट्ट्याबाहेर सप म्हणजे एक होडीच, त्यामुळे तिथे लाइफ जॅकेट लागतं. सप हा खेळ कुणाचा यावरून आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटना आणि आंतरराष्ट्रीय कनू महासंघ थेट क्रीडा लवादापर्यंत गेले आणि २०२० ला निकाल सर्फिंगवाल्यांच्या बाजूने लागला.

गोव्यात एवढं व्हायची गरज नाही असं मला मनापासून वाटतं, कारण इथे प्रत्येक पट्ट्यावर बोर्ड भाड्याने देणारे मोजकेच आहेत आणि सगळे एकमेकांना ओळखतात. त्यांनी ठरवलं तर होईल. भाड्याने सप देताना पाच मिनिटं काढून सांगा: कुठून बाहेर जायचं, कुठे थांबायचं, पीक कुणाचं, फेसात कुणाची मुलं आहेत, आज रापण कुठे आहे. पोहता येतं का ते तोंडी विचारू नका, पाण्यात बघा. छातीएवढी लाट असेल त्या दिवशी नवख्याला सप देऊच नका, खाडीत पाठवा, भाडं तेच घ्या.

आणि भाड्याने घेणाऱ्यांनी हे विचारून घ्या: लीश नवीन आहे का, सरळ आहे का, फिन सगळे आहेत का, बोर्डला कुठे तडा आहे का. परत आणताना बोर्ड वाळूच्या टेकड्यांवरून, वेलींवरून ओढत नेऊ नका, मोरजी-मांद्र्याला, आगोंद आणि गालजीबागला त्याच पट्ट्यात कासवं अंडी घालतात, वनखात्याने दांडके रोवून दोरी लावलेली दिसली तर तिथे बोर्ड टेकवायचाही नाही. मळलेल्या वाटेने आणा, गोड्या पाण्याने धुवा, हवेचा बोर्ड असेल तर थोडी हवा सोडा, नाहीतर उन्हात ताणून शिवण सुटते, आणि सावलीत ठेवा.